जागेची किंमत

विषय वाचून काही जण म्हणतील, मास्तरांना म्हातारपणी हे काय सुचलं! पण इतिहास शिकवण्यात जन्म गेला, आणि एखाद्या गोष्टीवर घरात भांडण झालं की ती मुळात आली कुठून, हे शोधल्याशिवाय मला झोप लागत नाही. सौ. म्हणते, हा आजार आहे. असेल.

तर भांडण २०२०च्या दिवाळीतलं. कोरोनामुळे चिरंजीव, सूनबाई आणि नातू जूनमध्ये पास काढून पुण्याहून नागपूरला आले होते आणि इथेच अडकले होते. चिरंजीवांचं ऑफिस आमच्या माडीवर, नातवाची शाळा स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. अकरा वर्षांचं पोर दिवसभर पडद्यासमोर बसून कंटाळलेलं. त्याला कबूल केलं होतं की दिवाळीला व्हिडिओ गेमचं नवं यंत्र घेऊ. आणि नेमकं त्याच महिन्यात दोन मोठ्या कंपन्यांची नवी यंत्रं जगभर बाजारात आली.

१० नोव्हेंबरला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला, एकदम दोन रूपांत. मोठा ‘सिरीज एक्स’ ४९,९९० रुपये, धाकटा ‘सिरीज एस’ ३४,९९० रुपये. सोनीच्या प्लेस्टेशन ५ ची भारतातली किंमत जाहीर झाली होती, ४९,९९०. आणि ज्यात तबकडी घालता येत नाही त्या डिजिटल आवृत्तीची ३९,९९०. पण आपल्याकडे ते मिळणार कधी, याची तारीख दिवाळीपर्यंत आलीच नव्हती. नातवाला प्लेस्टेशन हवं होतं. चिरंजीवांचं म्हणणं, धाकटा एक्सबॉक्स घे, पंधरा हजार वाचतात, खेळ तर तेच.

“बाबा, त्याच्यात जागाच नाही,” नातू म्हणाला.

हे वाक्य ऐकलं आणि मी हातातला चकलीचा तुकडा खाली ठेवला. कारण हेच वाक्य, याच घरात, मी आधी ऐकलं होतं. पण ते पुढे सांगतो.

जागा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. (मलाही नातवाने वहीत आकृती काढून समजावलं. गुरुदक्षिणा म्हणून एक चॉकलेट.) हल्लीचे खेळ यंत्राच्या पोटात साठवावे लागतात आणि एकेक खेळ शंभर जीबीच्या वर जातो. सिरीज एसमध्ये ५१२ जीबी लिहिलेलं, पण यंत्राचा स्वतःचा संसार वगळता हाती येतात सुमारे ३६४. प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ पैकी सुमारे ६६७. सिरीज एक्समध्ये लिहिलेली जागा १ टीबी. म्हणजे धाकट्यात तीन-चार मोठे खेळ ठेवले की पाचव्यासाठी एक पुसायचा. शिवाय धाकट्यात तबकडी घालायची सोयच नाही, त्यामुळे मित्राकडून आणलेला खेळ चालणार नाही. पंधरा हजार वाचतात ते असे.

आता मागे जाऊ.

१९८३ साली, १५ जुलैला, जपानमध्ये निन्टेन्डोचं फॅमिकॉम आलं, किंमत १४,८०० येन. आपल्याकडे ते फारसं दिसलं नाही. आल्या त्याच्या नकला. नव्वदच्या दशकात ज्यांची मुलं शाळेत होती त्या सगळ्यांना आठवेल, टीव्हीला जोडायचा पांढरा-करडा डबा, दोन रिमोट आणि पिवळी नाहीतर काळी ‘कॅसेट’. कॅसेटवर ९९९९ खेळ लिहिलेले असत आणि आत पाच-सहाच, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी!

अस्सल माल आणायचा प्रयत्न झाला तो १९९५ मध्ये. सेगा या जपानी कंपनीने आपलं मेगा ड्राइव्ह इथे विकायला शॉ वॉलेसशी करार केला. होय, तीच, मद्यासाठी प्रसिद्ध असलेली. बाहेरून तयार यंत्र आणलं तर ८० टक्के आयात शुल्क; ते टाळण्यासाठी हा मार्ग. तरीही किंमत पडली १८,००० रुपये! आणि यंत्र जपानमध्ये १९८८ सालीच आलेलं, म्हणजे सात वर्षं जुनं. त्या वर्षी माझ्या हातात पगार पडत होता साडेचार हजारांच्या आसपास. चार महिने घरात चूल पेटवायची नाही, असं ठरवलं असतं तर ते आलं असतं.

म्हणून १९९६च्या मे महिन्यात मी बर्डीवर जाऊन नकलेचा डबा आणला. साडेअकराशे रुपये, घासाघीस करून साडेदहाशे. चिरंजीव तेव्हा तेरा वर्षांचे.

या डब्यात जागा नावाची गोष्ट नव्हती. मारिओच्या खेळात आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, एकूण बत्तीस. मध्ये थांबून ‘उद्या इथूनच पुढे’ म्हणायची सोय नाही. डबा बंद झाला की सगळं पहिल्यापासून. खरं तर जपानी लोकांनी यावर उपाय काढलेले होते. काही खेळ परवलीचा शब्द देत, तो वहीत लिहून ठेवायचा. ‘झेल्डा’ हा खेळ १९८६ मध्ये त्यांनी चुंबकीय डिस्कवर आणला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत तो कॅसेटमध्ये गेला तेव्हा आत चक्क एक छोटी बॅटरी बसवली, डबा बंद झाला तरी खेळाची आठवण जिवंत ठेवण्यासाठी. (आपल्या पुण्यात डेसिबेल्स कंपनीने १९८८ साली ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाचा छोटा संगणक काढला होता, त्यात तर खेळ साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून भरत. किर्रर्र आवाज करत मिनिटं-मिनिटं जायची.) पण बॅटरी वगैरे चैन साडेदहाशेच्या डब्यात कुठून असणार!

त्यात नागपूरचा मे. कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि वीज जायची. कोराडी आणि खापरखेडा, दोन्ही वीज केंद्रं आमच्या उशाशी, आणि आम्ही अंधारात! तर चिरंजीवांनी त्यावर आपला उपाय काढला. खेळ थांबवून ठेवायचा, डबा चालूच ठेवायचा, टीव्ही तेवढा बंद करायचा आणि दिव्यावर रुमाल टाकायचा. वीज गेली नाही तर संध्याकाळी तिथूनच पुढे.

एका दुपारी ते आठव्या दुनियेत पोचले आणि संस्कृतच्या शिकवणीला गेले. मी शाळेच्या निकालाचं काम आटोपून घरी आलो. रुमालाखाली लाल दिवा दिसला. वीज काय फुकट येते? मी बटण बंद केलं.

पोरगं आलं, त्याने टीव्ही लावला, पाहिलं आणि काही बोललं नाही. रात्री जेवलं नाही. मी म्हटलं, “अरे, पुन्हा खेळ की, गेलं काय त्यात?” सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते. त्याने तो डबा पुन्हा कधी लावला नाही. जूनमध्ये शेजारच्या मुलाला देऊन टाकला.

पुढचा इतिहास म्हणजे ही आठवण कुठे ठेवायची, याचाच इतिहास आहे, असं मला आता वाचून-वाचून वाटतं. १९९४ च्या डिसेंबरात सोनीचं पहिलं प्लेस्टेशन जपानमध्ये आलं. त्यातली आठवण वेगळ्या कार्डात, १२८ केबीच्या, आणि कार्डाचे पैसे वेगळे. प्लेस्टेशन २ चं कार्ड ८ एमबीचं, तेही वेगळं. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिला एक्सबॉक्स काढला, त्यात संगणकासारखी ८ जीबीची हार्ड डिस्क आतच दिली. वाटलं, प्रश्न मिटला. पण नाही! २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा तीच कंपनी दोन पावलं मागे गेली. अमेरिकेत ३९९ डॉलरला २० जीबीच्या डिस्कसह आणि २९९ डॉलरला ‘कोअर’, म्हणजे डिस्कशिवाय. कोअरवाल्याने खेळ जपायचा तर ६४ एमबीचं कार्ड वेगळं विकत घ्यायचं. डिस्कच हवी झाली तर तिचे शंभर डॉलर, म्हणजे वाचवलेले सगळे परत. आणि याचा फटका डिस्कवाल्यांनाही बसला. काहींकडे डिस्क नाही म्हटल्यावर बहुतेक खेळ डिस्कशिवाय चालतील असेच बनवावे लागले. वर्गात निम्म्या मुलांकडे नकाशावही नसेल तर मास्तर काय करतो? फळ्यावरच काढतो.

भारतात हा एक्सबॉक्स २५ सप्टेंबर २००६ रोजी आला. जाहिरातीत अक्षयकुमार आणि युवराजसिंग. डिस्कवाला २३,९९० आणि कोअर १९,९९०. डॉलर तेव्हा ४६ रुपयांच्या घरात होता. गणित मांडून पाहिलं. अमेरिकेतल्या भावापेक्षा डिस्कवाल्यावर साडेपाच हजारांच्या थोडा वर चढ, आणि कोअरवर सव्वासहा हजारांच्या आसपास. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्यावर बोजा जास्त. (अमेरिकेतल्या भावात तिथला विक्रीकर धरलेला नसतो, हे लक्षात घ्यायला हवं. तरीसुद्धा.)

पाठोपाठ सोनीचं प्लेस्टेशन ३. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत २० जीबीचं ४९९ डॉलर आणि ६० जीबीचं ५९९. लोक खवळले. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी आधीच बोलून बसले होते की हे यंत्र घेण्यासाठी माणसाला जास्त तास काम करावंसं वाटलं पाहिजे! पण बाहेरच्या अभ्यासकांनी यंत्र उघडून सुट्या भागांची बेरीज केली, तर ती ८०० डॉलरच्या वर निघाली. कंपनी तोट्यातच विकत होती. आणि एक गोष्ट सोनीने फार चांगली केली होती. आतली डिस्क साध्या लॅपटॉपची. स्क्रू काढा, मोठी बसवा, कुणाची परवानगी नको. भारतात ते २७ एप्रिल २००७ रोजी आलं, फक्त ६० जीबीचं, ३९,९९० रुपयांना. अमेरिकन भाव रुपयांत काढला तर पंचवीस हजार होत होते.

गंमत पाहा, जानेवारी २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ आलं ते पुन्हा ३९,९९० लाच. आणि त्याचे ३९९ डॉलर तेव्हाच्या ६२च्या भावाने पुन्हा पंचवीस हजारांच्या जवळ! प्लेस्टेशन ५ पर्यंत ही तफावत कमी झाली. ४९९ डॉलरचे सुमारे ३७ हजार, आणि आपल्याकडे पन्नास.

आता ते वाक्य. २००६च्या दिवाळीत चिरंजीव नोकरीला लागून वर्ष झालं होतं. पुण्याहून येताना दोन पत्रकं घेऊन आले, १९,९९० चं एक, २३,९९० चं एक. माझ्यासमोर ठेवली. स्वतःच्या पगाराची वस्तू, विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. मी म्हटलं, “घ्यायचंच असेल तर स्वस्तातलं घे. चार हजार काय झाडाला लागतात?”

“बाबा, त्याच्यात जागा नाही. बंद केलं की जातं.”

मी म्हटलं, “खेळणंच ते. जपून ठेवायला काय दस्तऐवज आहे?”

त्याने पत्रकं घडी करून खिशात ठेवली. काहीच घेतलं नाही, त्या वर्षीही नाही, नंतरही नाही. मला वाटलं, मुलगा समंजस झाला.

म्हणून २०२०च्या दिवाळीत, चौदा वर्षांनी, नातवाने तेच म्हटलं आणि चिरंजीवांनी उत्तर दिलं, “अरे, एक खेळून झाला की पुसायचा, दुसरा घ्यायचा. जातं काय त्यात?” तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, “जातं.”

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं.

“आठव्या दुनियेत होतास तू,” मी म्हटलं. “मी बटण बंद केलं होतं. चूक माझी होती.”

सूनबाईंना काही कळेना. सौ. उठून आत गेली. चिरंजीव थोडा वेळ फराळाच्या ताटाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, “आठव्या दुनियेच्या तिसऱ्या टप्प्यावर होतो बाबा. एकच उरला होता.” चोवीस वर्षं त्याला टप्पा पाठ!

मोठं घ्यायचं ठरलं. पंधरा हजारांतला अर्धा वाटा माझ्या पेन्शनचा, त्यावरही थोडी वादावादी झालीच. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं. आगाऊ नोंदणी १२ जानेवारीला उघडली आणि काही मिनिटांत संपली. आम्हाला मिळालं त्याच वर्षीच्या गणपतीत. त्याच सप्टेंबरात सोनीने आत जास्तीची जागा बसवायची मुभाही दिली, त्यामुळे नातू दुप्पट खूश.

आता ते तिघे पुण्याला परतले आहेत, पण सुट्टीत येताना यंत्र बरोबर आणतात. रात्री झोपण्याआधी दारं, गॅस आणि बटणं तपासायची माझी फेरी असते. परवा फेरीत बैठकीतला नारिंगी दिवा दिसला. नातवाने सांगितलं आहे, आजोबा, ते झोपलेलं असतं तेव्हा तसा दिवा लागतो, आणि आता वीज गेली तरी जपलेलं काही जात नाही. तरी मी बटणापाशी गेलेला हात मागे घेतला आणि बैठकीचा पंखा तेवढा बंद करून झोपायला गेलो.