जलतरण तलाव, घरगुती

निवासी घराच्या आवारात, कुटुंबाच्या व त्याच्या पाहुण्यांच्या वापरासाठी जमिनीत खोदून बांधलेला पोहण्याचा तलाव. विहीर, तळे वा पुष्करिणी यांहून तो या अर्थी वेगळा असतो की, त्यातील पाणी बाहेरून आणून भरलेले व मोजके असते, ते गाळून व निर्जंतुक करून पुनःपुन्हा वापरले जाते आणि भोवतालच्या मातीपासून ते अलग ठेवण्यासाठी जलाभेद्य थराची योजना करावी लागते. हा थर कशाचा असावा, या एका प्रश्नाभोवती घरगुती तलावाचा तांत्रिक इतिहास गुंफलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिनिल प्लॅस्टिकच्या पातळ अस्तराने हा प्रश्न स्वस्तात सोडविला आणि धनिकांच्या वाड्यांतील तलाव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मध्यमवर्गाच्या परसात आला. हे स्थित्यंतर केवळ तांत्रिक नव्हते; सार्वजनिक तलावात कोणी कोणाबरोबर पोहावे, या वादाचाही त्यात मोठा वाटा होता.

पूर्वपीठिका : पाणी धरून ठेवणाऱ्या बांधीव तलावाचे सर्वांत प्राचीन उपलब्ध उदाहरण मोहें-जो-दडो येथील महास्नानगृह हे होय. इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातील या तलावाची लांबी सु. ११·८८ मी., रुंदी ७·०१ मी. व खोली २·४३ मी. आहे. त्याच्या विटा जिप्सममिश्रित चुन्यात घट्ट बसविलेल्या असून पाणी झिरपू नये म्हणून भिंतींमागे डांबराचा थर दिलेला आढळतो. हा तलाव अर्थातच खाजगी नव्हता. त्याचा उपयोग धार्मिक विधींसाठी होत असावा, असे मानले जाते. रोमन स्थापत्यकारांनी चुन्यात विटांची व खापऱ्यांची भुकटी मिसळून जलरोधी गिलावा तयार केला. भारतातील सुरखीच्या कामाशी त्याचे साम्य आहे. खाजगी तलावाचे स्पष्ट उल्लेखही रोमन काळापासूनच मिळतात. धाकट्या प्लिनीने लॉरेंटम येथील आपल्या समुद्रकाठच्या घराचे वर्णन करताना तेथील गरम पाण्याच्या तलावाचा निर्देश केला असून त्यात पोहत असताना समुद्र दिसतो, असे म्हटले आहे.

एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेत तलावांचा प्रसार झाला, तो मुख्यतः सार्वजनिक आरोग्याच्या हेतूने. इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने नगरसंस्थांना स्नानगृहे व धुलाईगृहे बांधण्याचा अधिकार मिळाला. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे १८९७ मध्ये नगरपालिकेने बंदिस्त तलाव बांधला. घरगुती तलाव मात्र अतिश्रीमंतांपुरताच मर्यादित होता. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल येथील बिल्टमोर या व्हँडरबिल्ट घराण्याच्या वाड्यात १८९५ मध्ये तळघरात सु. २ लाख ६५ हजार लि. पाण्याचा तलाव होता. परंतु पाणी गाळण्याची वा निर्जंतुक करण्याची सोय नसल्याने ते पुनःपुन्हा उपसून टाकावे लागे. एवढे पाणी वारंवार बदलणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते.

ही अडचण क्लोरिनामुळे दूर झाली. जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात जॉन लील यांनी १९०८ मध्ये क्लोरीन संयुगाचा नियमित वापर सुरू केला. त्यानंतर लवकरच, १९१० मध्ये, ब्राउन विद्यापीठाच्या तलावात हीच पद्धत अवलंबिण्यात आली. वाळूची गाळणी, विजेवर चालणारा पंप व क्लोरीन या तिहींच्या योगाने तेच पाणी दीर्घकाळ वापरता येऊ लागले.

काँक्रीटचे तलाव : पहिल्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील उबदार हवामानात व चित्रपटसृष्टीच्या वैभवात घरगुती तलावाला नवी प्रतिष्ठा लाभली. वृत्तपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्यासाठी वास्तुशिल्पज्ञ जूलिया मॉर्गन यांनी सॅन सिमीऑन येथे बांधलेला नेपच्यून तलाव १९२४ ते १९३६ या काळात तीन वेळा वाढविला गेला व अखेरीस त्यात सु. १३ लाख लि. पाणी मावू लागले. असे तलाव लाकडी साच्यांत काँक्रीट ओतून बांधीत. त्यामुळे ते खर्चिक असत व त्यांचा आकार बहुधा आयताकृती राही. प्राण्यांच्या प्रतिकृती तयार करणारे कार्ल एकली यांनी सिमेंट फवारण्याची जी तोफ शोधून काढली व १९११ मध्ये जिचे एकस्व मिळविले, तिचा तलावाच्या बांधकामात उपयोग होऊ लागल्यावर साच्यांची गरज उरली नाही. खड्ड्यात पोलादी सळयांची जाळी बसवून तीवर ओले मिश्रण फवारले की, हव्या त्या वळणाचा तलाव तयार होई. उद्यानरचनाकार टॉमस चर्च यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील सनोमा परगण्यात डॉनेल कुटुंबाच्या बागेत केलेला वक्राकार तलाव पुढे अनेकांनी आदर्श मानला. तथापि हे तंत्र कुशल कारागिरांवर व सौम्य हवामानावर अवलंबून होते. जेथे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, अशा ईशान्येकडील राज्यांत व कॅनडात काँक्रीटला तडे जाण्याची भीती असे.

व्हिनिल अस्तराचा उदय : पॉलिव्हिनिल क्लोराइड हे बहुवारिक जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांनी १८७२ मध्ये वर्णिले होते, पण ते ताठ व ठिसूळ असल्यामुळे दीर्घकाळ उपेक्षित राहिले. १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीतील वॉल्डो सेमन यांनी विशिष्ट द्रव्ये मिसळून त्यास मऊपणा आणला. दुसऱ्या महायुद्धात विद्युत् तारांच्या आवरणासाठी या पदार्थाचे उत्पादन पुष्कळ वाढले आणि युद्धसमाप्तीनंतर कारखान्यांना नव्या बाजारपेठेची निकड भासली. रेनकोट, स्नानगृहाचे पडदे, जमिनीवरील आच्छादने यांबरोबरच १९५० नंतरच्या दशकात तलावाचे अस्तर हा त्याचा एक नवा उपयोग पुढे आला. जमिनीवर उभ्या केलेल्या पोलादी कड्यात प्लॅस्टिकची पिशवी बसवून केलेले स्वस्त तलाव व जमिनीत पुरलेले अस्तराचे तलाव यांमागील तत्त्व एकच आहे : भार सोसण्याचे काम भिंत व माती करतात, अस्तराने केवळ पाणी अडवावयाचे असते. महास्नानगृहातील वीट व डांबर यांची कामे अशीच विभागलेली होती.

बांधणी : या प्रकारच्या तलावाचे भाग कारखान्यात तयार होतात व जुळणी जागेवर होते. प्रचलित आकारमान सु. ४·९ मी. × ९·८ मी. असून उथळ बाजूस सु. १ मी. व खोल बाजूस सु. २·४ मी. पाणी असते, म्हणजे एकूण पाणी सु. ७५ ते ८० हजार लि. भरते. प्रथम भिंतीच्या जागेसाठी थोडी जास्तीची रुंदी धरून खड्डा खणतात. खोल भागाचा तळ उलट्या ठेवलेल्या, शेंडा कापलेल्या पिरॅमिडसारखा उतरता ठेवतात. भिंतीसाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे, तंतुप्रबलित प्लॅस्टिकचे वा रसायनांनी टिकाऊ केलेल्या लाकडाचे सु. एक मी. उंचीचे फलक एकमेकांस खिळबोल्टांनी जोडतात व मागून तिरकस आधार देतात. फलकांच्या पायथ्याशी चोहोबाजूंनी काँक्रीटचा पट्टा ओततात. तळावर वाळूचा अथवा सिमेंट व व्हर्मिक्युलाइट यांच्या मिश्रणाचा सु. ५ सेंमी. जाडीचा गुळगुळीत थर देतात. कारण एखादा टोकदार खडाही पुढे अस्तरास भोक पाडू शकतो.

अस्तराची जाडी साधारणतः ०·५ ते ०·७५ मिमी. असते. खड्ड्याची मापे घेऊन कारखान्यात उच्च कंप्रतेच्या विद्युत् ऊर्जेने पत्र्यांचे सांधे जोडतात व संपूर्ण तलावाच्या आकाराची एकसंध पिशवी शिवल्यासारखी तयार करतात. तिच्या वरच्या कडेचा जाड गोट काठाच्या पट्टीतील खाचेत अडकविला जातो. अस्तर व भिंत यांमधील हवा यंत्राने शोषून घेतली की, अस्तर तळास चिकटून बसते व सुरकुत्या नाहीशा होतात. त्यानंतर पाणी सोडतात. ते वर चढत जाईल, त्याप्रमाणे भिंतीमागील भराव घालीत नेतात. त्यामुळे आतील पाण्याचा व बाहेरील मातीचा दाब परस्परांस तोलून धरतात. पाणी नळाच्या तोंडाखालपर्यंत आले की, तेथे गॅस्केट व झाकणपट्टी घट्ट बसवून मगच अस्तर कापतात. हा क्रम चुकल्यास अस्तर ताणले जाऊन फाटण्याचा संभव असतो.

असा तलाव काही आठवड्यांत पुरा होतो व त्याचा प्रारंभिक खर्च काँक्रीटच्या तलावाहून कमी असतो. गोठलेल्या जमिनीची थोडी हालचालही तो सहन करतो. मात्र सूर्यप्रकाश व क्लोरीन यांमुळे अस्तर फिके व कडक होत जाते आणि साधारणपणे दहा वर्षांच्या आसपास ते बदलावे लागते. त्यामुळे स्वस्त तलावाचा खर्च एकदाच होत नाही, तो मालकाच्या मागे कायम राहतो. पाण्याचे पीएच मूल्य ७·२ ते ७·८ यांदरम्यान राखावे लागते. तलाव पूर्ण रिकामा ठेवणे विशेष धोक्याचे असते. पाण्याचा भार नाहीसा झाला, तर अस्तर आकसते, भूजल त्यास खालून उचलते व भिंती आत कलू शकतात. १९७६–७७ च्या अवर्षणात कॅलिफोर्नियातील रिकाम्या काँक्रीट तलावांत तरुणांनी चाकांच्या फळ्यांवरील कसरती विकसित केल्या. अस्तराच्या तलावात हे शक्य झाले नसते.

सामाजिक इतिहास : अमेरिकेत १९५० च्या सुमारास जमिनीतील घरगुती तलाव अवघे अडीच हजारांच्या घरात होते, १९९९ पर्यंत त्यांची संख्या सु. ४० लाखांवर गेली. युद्धोत्तर सुबत्ता, परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने मिळालेली गृहकर्जे, उपनगरांची वाढ व स्वस्त साहित्य ही याची उघड कारणे होत. परंतु त्याच काळात सार्वजनिक तलावांचा झालेला ऱ्हास लक्षात घेतल्याखेरीज हे चित्र पुरे होत नाही.

१९२० ते १९४० या काळात अमेरिकेतील नगरसंस्थांनी मोठमोठे तलाव बांधले व त्यांत स्त्रीपुरुष एकत्र पोहू लागले. नेमक्या याच टप्प्यावर अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना त्यांत मज्जाव करण्यात आला. २१ जून १९४९ रोजी सेंट लुइस येथील फेअरग्राउंड पार्कचा तलाव सर्वांना खुला केला जाताच जमावाने कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. पुढे न्यायालयाच्या आदेशाने तो सर्वांसाठी उघडला, तेव्हा श्वेतवर्णीयांनी त्याकडे पाठ फिरविली. दक्षिणेकडील काही नगरांनी तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी ते बंदच करणे पसंत केले. माँटगॉमेरी येथे १९५९ मध्ये सार्वजनिक उद्याने बंद करण्यात आली. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन नगराने आपले तलाव बंद केले, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने नगराचा निर्णय वैध ठरविला. सभासदांपुरत्या मर्यादित तलावमंडळांना वर्णाच्या आधारे प्रवेश नाकारता येणार नाही, असा निर्णय १९७३ मध्ये मेरिलंडमधील एका प्रकरणात झाला. घराच्या कुंपणाआडील तलावास मात्र असा कोणताही नियम लागू नव्हता. प्रत्येक मालकाने वर्णद्वेषापोटीच तलाव बांधला, असे म्हणता येणार नाही. तथापि ज्यांना पर्याय परवडत होता त्यांनी सार्वजनिक पाणी सोडले, की ते राखण्याची नगरसंस्थांची इच्छाही मंदावे, हे अनेक ठिकाणी दिसून आले. ज्यांना घर वा तलाव घेणे शक्य नव्हते, त्यांच्या मुलांना पोहणे शिकण्यास जागा उरली नाही. कृष्णवर्णीय मुलांमधील बुडण्याचे अधिक प्रमाण हा त्या इतिहासाचा दीर्घकाळ टिकलेला परिणाम समजला जातो.

सुरक्षितता व सद्यःस्थिती : तलाव घरात आला, तसा धोकाही घरात आला. अमेरिकेत एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंचे बुडणे हे प्रमुख कारण असून यांपैकी पुष्कळ घटना घरगुती तलावांत घडतात. त्यामुळे अनेक राज्यांत व नगरांत तलावाभोवती कुंपण व आपोआप मिटणारे फाटक सक्तीचे आहे. तळाच्या निचरानळीच्या शोषणामुळे होणारे अपघात टाळण्यासाठी २००७ मध्ये संघीय कायदा होऊन सुरक्षित झाकणांचे मानक ठरविण्यात आले. फ्रान्समध्ये ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने खाजगी तलावास कुंपण, आच्छादन, धोक्याची घंटा वा छत यांपैकी एक साधन आवश्यक ठरविले. त्याच देशात २०२२ मध्ये करखात्याने हवाई छायाचित्रांचे संगणकीय विश्लेषण करून सु. २० हजार अघोषित तलाव शोधून काढले.

२०२० मधील कोव्हिड महासाथीत सार्वजनिक तलाव बंद राहिल्याने घरगुती तलावांची मागणी एकाएकी वाढली. त्याच वर्षी चक्रीवादळानंतर लुइझियाना राज्यातील एका कारखान्यास आग लागली व पुढील हंगामात क्लोरिनाच्या वड्यांचा तुटवडा जाणवला. पाण्याची टंचाई, बाष्पीभवनाने होणारा अपव्यय आणि टाकून दिलेल्या अस्तरांची विल्हेवाट हे या तलावांपुढील आजचे प्रश्न होत. पाणी धरून ठेवण्याचा प्राचीन प्रश्न अर्ध्या मिलिमीटरच्या थराने सोडविला. ते पाणी कोणाच्या वाट्यास यावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र तंत्रज्ञानाच्या कक्षेत येत नाही.