देशांची प्रगती मोजणारी मापे

अमुक देश पुढारलेला, तमुक मागासलेला, असे आपण सहज बोलून जातो. परंतु हे ठरवावयाचे कोणत्या मापाने? हा प्रश्न आपल्याकडे प्रथम नेटाने उभा केला तो दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ च्या सरकारी आकड्यांवरून त्यांनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये काढले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्यांनी शेजारी मांडला, आणि कैद्याला मिळते तेवढेही रयतेच्या वाट्याला येत नाही हे दाखवून दिले. शिवाय बजावले, की ही सरासरी आहे. श्रीमंतांचा वाटा वगळला तर गरिबाच्या हाती याहूनही कमी उरते.

पुढे १९४० मध्ये कॉलिन क्लार्क यांनी पैशाची क्रयशक्ती लक्षात घेऊन निरनिराळ्या देशांची उत्पन्ने एका मापात बसविली. महायुद्धानंतर दरडोई उत्पन्न हाच जगाचा मानदंड झाला. १९९० साली महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने मानव विकास निर्देशांक पुढे आणला. उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण आले. सुधारणा मोठीच, तथापि सरासरी ती सरासरीच.

तिचा दोष पाहण्यास आपल्याला परदेशी जावयास नको. खोपोलीचे वीजघर घ्या. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी घाटाखाली आणून टाटांनी १९१५ मध्ये येथे वीज निर्माण केली. ती गेली मुंबईच्या गिरण्यांना. दरडोई विजेचा आकडा वाढला, पण दिवा कोणाच्या घरी लागला हे तो आकडा सांगत नाही.

२००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात रायगड वरच्या जिल्ह्यांत होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही खालापुरातूनच जातो. त्याच तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वर मोटारीचा रस्ता नव्हता. मोठी यंत्रे चढेनात, म्हणून माणसांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत.

विषमता वजा करून काढलेला निर्देशांक संयुक्त राष्ट्रांनी २०१० पासून देण्यास आरंभ केला. दादाभाईंचा इशारा जगाच्या हिशेबात यावयास इतका काळ लागला! श्रोतेहो, मापे टाकून देण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून देशादेशांची तुलनाच होणार नाही. मात्र जिल्ह्याचा आकडा कानी आला की कर्जत-खालापूरच्या आपण लोकांनी त्यापुढे वाडीवाडीचा हिशेब मागावा: रस्ता, शाळा आणि दवाखाना तेथून किती दूर आहेत?