'डू' आला कुठून?

इंग्रजीतले प्रश्नाचे शब्द एका रांगेत मांडले तर ते एकाच घरातले दिसतात. हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, व्हिच. 'हाऊ' तेवढा वेगळा वाटतो. आता आपली रांग मांडा: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कोणता, कसा, किती. इथेही घर एकच आहे. आणि ही दोन घरं मुळात एकाच वाड्यातली आहेत, हे मला इंग्रजी शिकवायला लागून बरीच वर्षं झाल्यावर नीट उमगलं.

१७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तीन भाषा एका समान उगमातून आल्या असाव्यात, असा विचार मांडला. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतल्या ध्वनिबदलांचा नियम सांगितला. (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तो हाच ग्रिम.) इतर बहिणींकडे जिथे 'क' आहे, तिथे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात 'ह' झाला. लॅटिनमधलं 'कॉर्नू' म्हणजे शिंग, ते इंग्रजीत 'हॉर्न'. त्याच नियमाने संस्कृतातला 'कः' जुन्या इंग्रजीत 'ह्वा' झाला, आणि आजचा 'हू' तो हाच. संस्कृतात 'कतर' म्हणजे दोघांपैकी कोणता. इंग्रजीतला 'व्हेदर' हा त्याचा सख्खा भाऊ, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थही तोच होता. 'व्हाय' हे 'व्हॉट'चं जुनं तृतीयेचं रूप, म्हणजे शब्दशः 'कशाने'. मराठीतही कारण विचारताना आपण 'काय'चंच रूप वापरतो: कशाला, कशासाठी.

लिहिताना त्या वेळी आधी 'एच' यायचा आणि मग 'डब्ल्यू'. नॉर्मन विजयानंतरच्या लेखनिकांनी ही जोडी उलटी केली. 'हू'मधला 'डब्ल्यू' उच्चारातून गेला तरी कागदावर राहिला. 'हाऊ'मधला कागदावरूनही गेला. म्हणून तो घरातला असून परका दिसतो.

शब्द इतके जवळचे असूनही माझ्या वर्गात खरी अडचण यायची ती शब्दांच्या जागेची. मी बडोद्याला शिकवलं. बाकांवर मराठी, गुजराती, सिंधी, मल्याळी, सगळ्या घरांतली मुलं असत आणि चूक सगळ्यांची एकच: 'व्हेअर यू आर गोइंग?' 'व्हॉट यू वॉन्ट?' घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं एकच चूक करतात, तेव्हा ती निष्काळजीपणाची नसते. तिच्यामागे काहीतरी व्यवस्था असते.

ती व्यवस्था साधी आहे. मराठीत 'तू पुस्तक वाचतोस' आणि 'तू काय वाचतोस?' या दोन वाक्यांत काहीच हलत नाही. 'पुस्तक' उठलं आणि त्याच्या जागी 'काय' येऊन बसलं. तमिळमध्ये प्रश्नाचे शब्द 'क'चे नाहीत, 'यार्', 'एन्न', 'एंगे' असे आहेत. पण तेही असेच आपापल्या जागी बसतात. बांगलात तेच, गुजरातीत तेच. 'कुठे चाललास तू?' असं आपणही म्हणतो, पण ते ठसक्यासाठी. व्याकरणाची सक्ती म्हणून नव्हे. आपल्याकडे वेगळी वाट काश्मिरीची. तिथे क्रियापद वाक्यात दुसऱ्या जागी येतं, जर्मनसारखं. बाकी आपल्या मुलाला इंग्रजी प्रश्न विचारताना दोन नव्या हालचाली कराव्या लागतात: प्रश्नाचा शब्द पुढे आणायचा आणि कर्ता-क्रियापदाची अदलाबदल करायची. पहिली तो पटकन शिकतो. दुसरी राहून जाते.

आणि या दुसऱ्या हालचालीत 'डू' मध्ये येतो. 'व्हेअर डू यू लिव्ह?' यातल्या 'डू'चा अर्थ काय, असं मुलं विचारत. काही नाही, असं खरं उत्तर दिलं की वर्ग हसायचा. तो आला कुठून, हे शाळेच्या कुठल्याच व्याकरणात नसायचं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांच्या पिढ्या वाढल्या, त्यांनीही तो तसाच, न विचारता, पाठ केला.

चौदाव्या शतकातल्या माणसाला हा 'डू' ऐकून नवल वाटलं असतं. तो सरळ 'व्हेअर लिव्ह यू?' या घाटाचा प्रश्न विचारत असे. मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधी यायचं. जर्मनमध्ये आजही 'वो वोनेन झी?' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'कुठे राहता तुम्ही?' पुण्यात हौसेने जर्मन शिकणाऱ्यांना हे ठाऊक असेल. इंग्रजीत पंधराव्या शतकापासून 'डू' हळूहळू वाढत गेला, सोळाव्यात जोरात पसरला. गंमत म्हणजे तेव्हा तो साध्या विधानातही, कसलाही जोर द्यायचा नसताना, सर्रास येत असे: 'आय डू गो'. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर विधानातला 'डू' ओसरू लागला; प्रश्नातला आणि नकारातला टिकला. स्वीडनच्या अल्व्हार एलेगोर्ड यांनी जुन्या ग्रंथांतली वाक्यं मोजून हा चढउतार दाखवला. त्यांचं पुस्तक १९५३ चं. शेक्सपिअर नेमका या घालमेलीच्या काळातला. त्याच्या पात्रांच्या तोंडी 'डू' असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकारचे प्रश्न आहेत, आणि कुणी कुणाला दुरुस्त करत नाही.

'डू' का आला याबद्दल एकमत नाही. वेल्श आणि कॉर्निश भाषांत 'करणे' या अर्थाचं क्रियापद असंच आधाराला घेतलं जातं, तिथून तो आला असं काही अभ्यासक मानतात. इतरांना ते पटत नाही. मला दुसरं कारण जवळचं वाटतं. इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजले तसा अर्थ जागेवर अवलंबून राहू लागला: आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. मुख्य क्रियापद जागचं हलेना. मग पुढे जायला एक हलका हरकाम्या हवा होता, तो 'डू' झाला. काळाचं ओझंही त्यानेच उचललं, म्हणून 'डिड' आल्यावर पुढे 'केम' चालत नाही, 'कम' लागतं. आणि 'हू केम?' मध्ये 'डू' का नाही, याचंही उत्तर यातच आहे. तिथे कर्त्याविषयीच प्रश्न आहे, तो आधीच पुढे आहे, काही हलवायची गरजच नाही.

अठराव्या शतकापर्यंत हे सगळं स्थिरावलं. त्यानंतर नियम लिहिणारे आले. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांचं व्याकरण निघालं, १७९५ मध्ये लिंडली मरे यांचं. मेकॉलेचं टिपण १८३५ चं, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रासची विद्यापीठं १८५७ ची. म्हणजे आपल्या शाळा-कॉलेजांत इंग्रजी पोचली तेव्हा शाई वाळली होती. घालमेलीचा काळ आपण पाहिलाच नाही. आपल्याला मिळाला तो निकाल, आणि आपण तो सनातन समजलो.

याची किंमत मुलं मोजतात. माझा एक विद्यार्थी, हिशेबात अतिशय पक्का, एका मुलाखतीत 'व्हेन शुड आय' म्हणण्याऐवजी 'व्हेन आय शुड जॉईन?' असं विचारून बसला आणि समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. त्याचा प्रश्न त्यांना पूर्ण कळला होता. मी नियम शिकवणं कधी सोडलं नाही. लिहिताना तो हवाच. पण त्या हसण्यात व्याकरण कमी आणि ओळखपरेड जास्त असते, असं माझं मत आहे. कारण हाच माणूस 'हाऊ कम यू आर लेट?' म्हणाला असता तर ते अमेरिकन वळण ठरलं असतं. तिथे तर खुद्द इंग्रजी भाषकच अदलाबदल करत नाहीत. आणि 'आय नो व्हेअर ही इज' अशा पोटवाक्यात अदलाबदल केली तर ती चूक. बिचाऱ्याने एकदा शिकून घेतलेलं तिथे पुन्हा विसरायचं.

भाषेचे मालक म्हणवणारेही नियम मोडतच पुढे जातात. 'हूम' घ्या. 'कोण' आणि 'कोणाला' हा फरक आपल्याकडे लहान मूलही चुकत नाही. इंग्रजीत 'हूम'चं काय होणार, हे एडवर्ड सपीर यांनी १९२१ मध्येच ओळखलं होतं. बोलण्यात ते रूप मावळत चालल्याचं त्यांनी सविस्तर दाखवलं. 'व्हिदर' म्हणजे कुठे, 'व्हेन्स' म्हणजे कुठून, हे शब्द तर केव्हाच गेले. 'व्हेअरफोर'चा अर्थ 'का'. पण सज्जात उभ्या ज्युलिएटच्या तोंडी तो ऐकून ती रोमिओला 'कुठे आहेस' म्हणून शोधते आहे, असं आज कित्येकांना वाटतं.

उलट दिशेने पाहिलं तर काही प्रश्न इंग्रजीला विचारताच येत नाहीत. 'लग्नाला कोणकोण आलं होतं?' हे विचारायला आपल्या लोकांनी 'हू ऑल केम?' घडवलं, आणि तो प्रश्न देशभर चालतो. 'कितवा' मात्र अजून कुणाला घडवता आलेला नाही. गुजरातीत 'केटलामो' आहे, तमिळमध्ये 'एत्तनैयावदु' आहे. इंग्रजीत 'तू भावंडांत कितवा?' विचारायचं तर आधी भावंडं किती ते विचारा, मग मोठी किती ते विचारा, आणि हिशेब स्वतः करा. दर वर्षी जूनमध्ये मी नव्या वर्गाला हे वाक्य भाषांतराला द्यायचो. वेगवेगळ्या घरांतली मुलं बराच वेळ पेन चावत बसायची.