गोळीचे आवरण

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि पुलगावही आहे. सेवाग्रामला १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य होते. पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेली भीषण आग अनेकांना आठवत असेल. अशा जिल्ह्यातील विद्यार्थ्याने बंदुकीच्या गोळीविषयी प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये. त्यातील विज्ञान सांगावे आणि इतिहासही सांगावा. आपण एकच प्रश्न घेऊ : शिशाच्या गोळीवर तांब्याचे आवरण कशासाठी?

शिसे जड आणि मऊ असते. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. बंदुकीच्या नळीत आतून सर्पिल खोबणी कोरलेली असते. गोळी तिच्यात घट्ट बसून गरगरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. मऊ शिसे खोबणीत चांगले बसते. पण घासून तेथेच चिकटते आणि नेम बिघडवते. म्हणून शिसे आणि लोखंड यांच्यामध्ये काहीतरी हवे असते. सुरुवातीला हे काम कागद आणि चरबी करीत. एनफिल्ड बंदुकीचे असे काडतूस दाताने तोडावे लागे. त्याला गाईची व डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथून पसरली. पुढचे आपण इतिहासात शिकतोच.

१८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी शिशाला तांब्याचे आवरण दिले. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि शिशाहून कठीण असते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली. तिने गोळीचा वेग पुष्कळ वाढला आणि नुसते शिसे अपुरे पडू लागले. मग आवरण असलेली गोळी हीच लष्करी रायफलींची रीत झाली.

येथे पुन्हा डमडम येते. कठीण आवरणाची गोळी शरीरातून आरपार जाते, शत्रू थांबत नाही, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती. म्हणून १८९० नंतरच्या दशकात डमडमच्या कारखान्यात टोकाशी आवरण उघडे ठेवलेली गोळी निघाली. ती शरीरात फुलून भयंकर जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या अशा गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली. नळी स्वच्छ राहावी म्हणून आलेले आवरण अशा रीतीने माणुसकीच्या कायद्याचा विषय बनले.

पिस्तुलाच्या गोळीचा वेग रायफलीपेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे तिला तांब्याचा पातळ मुलामा किंवा प्लॅस्टिकसारखा लेपही पुरतो. नेमबाजीच्या बंदिस्त जागेत शिशाची धूळ श्वासात जाते आणि शिसे मेंदूला घातक असते. लेपामुळे ती थोडी कमी होते. मात्र काडतूस पेटवणाऱ्या मिश्रणातही बहुधा शिशाची संयुगे असतात, हे विसरू नये. आपल्याकडे काडतुसे बनविण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. जुना झाला म्हणून दारूगोळा निरुपद्रवी होत नाही. म्हणून आवरणाचे विज्ञान वर्गात, फळ्यावर शिकवावे. शेतात वा रानात काडतुसासारखी वस्तू दिसली, तर तिला हात न लावता पोलिसांना कळवावे, हेही त्याच तासाला सांगावे.