तिलवाऱ्याचा धूर आणि नोंदवहीतला उन्हाळा

वैशाखातील एखाद्या संध्याकाळी कचेरी सुटल्यावर आम्ही तिलवारा घाटावर जातो, तेव्हा नर्मदेपलीकडच्या टेकड्या दिसतीलच असे नाही. पाणी दिसते, पूल दिसतो. परंतु दक्षिणेस करडा पडदा उतरलेला असतो आणि वाऱ्याबरोबर जळक्या पाल्याचा वास येतो. परवा शेजारी बसलेला एक वृद्ध नावाडी म्हणाला, "बाबूजी, आमच्या लहानपणी डोंगरांवर याहून मोठ्या आगी लागत." आमचे स्नेही लगेच उसळले, "छे! असा धूर पूर्वी कधीच नव्हता!" दोघेही शपथेवर सांगण्यास तयार. आम्ही पडलो कारकून. वाद निघाला की जुनी फाईल मागवावी, ही आमची खोड. म्हणून ह्या वादाचीही फाईल शोधावयाचे ठरविले. शोधता शोधता ध्यानात आले की फाइली दोन आहेत, आणि धुराची त्यांत एकही नाही.

पहिली फाईल उष्म्याची. १८६४ साली कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले, १८६६ मध्ये ओरिसात दुष्काळाने लक्षावधी माणसे दगावली, आणि १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांच्या हाताखाली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. सरकारला चिंता होती ती जहाजांची, पावसाची आणि पिकांची. १८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूर जिल्हा होरपळून निघाला, तेव्हा ही चिंता किती खरी होती हे सर्वांस कळले. त्या खात्याच्या शिस्तीने पांढऱ्या झडपांची पेटी आली, तिच्यात जमिनीपासून सुमारे चार फुटांवर तापमापक आले आणि ठरलेल्या वेळी आकडे लिहिणारा माणूस आला. ह्या आकड्यांवर आमचा विश्वास आहे. मात्र तो सावलीतला उन्हाळा आहे, हे विसरून चालत नाही. डांबरी रस्त्यावर हातगाडी ओढणाऱ्याच्या डोक्यावरचे ऊन त्या पेटीत शिरत नाही. तसे ते शिरू नये म्हणूनच पेटीला झडपा असतात.

दुसरी फाईल जंगलाची. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता ह्यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरास पुरा झाला. रुळांखाली साग व साल हवा, तेव्हा जंगलास किंमत आली आणि वणवा हा शत्रू ठरला. प्रांताचे पहिले वनसंरक्षक पिअर्सन ह्यांनी सातपुड्यातील बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षणाचे प्रयोग केले. त्याच खात्यात काम केलेल्या कॅप्टन फॉर्सिथ ह्यांच्या १८७१ च्या ग्रंथात जंगल तोडून, जाळून, राखेत पेरण्याच्या पद्धतीवर कडक टीका आहे. बैगा लोकांची ही बेवर शेती. आपल्या सह्याद्रीतील शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, त्याची ही दूरची नातलग म्हणावी. पुढे १८९० साली मंडला भागात 'बैगा चक' आखून बेवर तेवढ्यापुरती ठेवली, आणि १९२७ च्या वन कायद्यातही राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हाच राहिला. त्यामुळे ह्या फाइलीत किती एकर जळले, किती वाचले आणि कोणास दंड झाला, एवढेच सापडते.

उन्हाने जंगल आपोआप पेटते, असा पुष्कळांचा समज आहे. ऊन फक्त सागाचा पाला वाळवून ठेवते. काडी बहुधा माणसाच्या हातची असते. मोहाची फुले वेचावयास सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आग लावतात. जी आग पूर्वी शेतीचे अवजार होती, तीच कागदावर गुन्हा झाली. म्हणून आजही धूर दिसला की बोट प्रथम वनवासी माणसाकडे जाते.

आणि धूर? वेधशाळेच्या आंतरराष्ट्रीय संकेतात त्यास दोन आकडे आहेत: ०४ म्हणजे धुराने अंधुक झालेली दृष्टी. त्याच्या शेजारी ०५, म्हणजे कोरडे धुरके. वणव्याचा धूर आणि कारखान्याचा धूर ह्यांस मिळून तोच एक ०४! भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्याने आगीच्या सूचना देत आहे. परंतु उपग्रहास ठिपका दिसतो, काडी लावणारा हात दिसत नाही. शिवाय जबलपूरचा 'हवेली' मुलूख गव्हाचा. कापणी यंत्राने झाली की शेतात उभी राहणारी नरवाई अनेक ठिकाणी पेटवितात, आणि तीही नेमकी ह्याच दिवसांत. घाटावरचा धूर डोंगराचा किती आणि शेताचा किती, हे नाकाने ठरत नाही.

उष्म्याच्या फाइलीतही एक मेख आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असून सरासरीहून ४.५ अंशांनी चढले, किंवा सरळ ४५ अंशांवर गेले, म्हणजे उष्णतेची लाट समजतात. ही सरासरी तीस वर्षांची. १९६१-९० ची होती, आता १९९१-२०२० ची आली. म्हणजे आमच्या पिढीने सोसलेले ऊनच पुढच्या पिढीचे 'सर्वसाधारण' ठरते. पंचांगातला नवतपा रोहिणीबरोबर मेअखेरीस येतो, हे गावातले पोरही सांगेल. पण आजोबांचा नवतपा किती अंशांचा होता, हे जुनी वही जपली तरच कळेल. वही वाळवीने खाल्ली, तर तक्रार करावयासही आधार उरणार नाही.

आता नावाड्याचे खरे की स्नेह्यांचे? आम्हांस वाटते, दोघांचेही खरे असू शकेल. नावाडी डोंगरावरच्या आगीविषयी बोलत होता, स्नेही घाटावरच्या धुराविषयी. आणि त्या दोहोंमध्ये आता गव्हाची शेते व वाढलेले शहर आले आहे. पण हा आमचा तर्क झाला, पुरावा नव्हे. पुरावा नसताना दंड मात्र मोह वेचणाऱ्या बाईलाच होतो, हे आम्हांस बोचते.

म्हणून ह्या चैत्रापासून आम्ही दोन पैशांचे काम आरंभिले आहे. एका साध्या वहीत तारीख लिहावयाची, आणि पुढे इतकेच: टेकडी दिसली, किंवा दिसली नाही, वारा कोणीकडचा, शेते पेटली होती काय. वाचकांपैकी कोणाच्या घरी वडिलांची रोजनिशी असेल, तीत उन्हाचा वा धुराचा उल्लेख असेल, तर ती रद्दीत घालू नये अशी विनंती आहे. काल आमच्या वहीत 'टेकडी दिसली नाही' असे लिहिले. नावाड्यास ते वाचून दाखविले, तेव्हा त्याने क्षितिजाकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, "वारा पश्चिमेचा होता, तेही लिहा."