खोट्या टोमॅटोचा पहिला तोडा

वर्ष 2021. दिवाळी उलटून गेली आहे आणि तुम्ही पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दमध्ये लॅपटॉप उघडून बसला आहात. 2009 पासून गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत कोड लिहिणारी पोरं इथे कुणाला नवी नाहीत. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या रोबोटिक्स स्पर्धेत यंदा शेतीचे विषय आहेत. तुम्ही घेतलाय 'ॲग्रीबॉट': हरितगृहात फिरून पिकलेले टोमॅटो तोडणारा रोबो. चाकांच्या गाड्यावर सहा सांध्यांचा हात. सगळं पडद्यावरच, गॅझेबो नावाच्या सिम्युलेटरमध्ये.

गॅझेबो एका सेकंदाचे हजार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात वजन, घर्षण, टक्कर यांचा हिशेब नव्याने मांडतो. तुमच्या लॅपटॉपला ते झेपत नाही. खिडकीच्या तळाशी 'रिअल टाइम फॅक्टर' 0.40 दिसतो, म्हणजे रोबोचं एक मिनिट सरायला तुमची अडीच मिनिटं जातात. हात पुढे येतो, बोटं मिटतात, टोमॅटो निसटतो. रीसेट. हात खांबावर आदळतो. रीसेट. खरा हात काही लाखांचा. तो असा आपटायला कुठल्याच कॉलेजने दिला नसता. इथे मात्र हवा तेवढा आपटा. मला या साधनाचं सर्वांत मोठं मोल हेच वाटतं.

तरी फळ निसटतंच. बरेच जण मग ते बोटांना आभासी सांध्याने जोडून टाकतात. तुम्हीही जोडता. टोमॅटो रोपावरून सुटला, टोपलीत पडला. पण हे खऱ्या रोपावर चालेल?

उत्तरासाठी 1995 मध्ये चला, इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात. निक जेकोबी, फिल हसबंड्स आणि इन्मन हार्वी खेपेरा नावाचा रोबो चालवताहेत, जेमतेम साडेपाच सेंटिमीटर व्यासाचा. अडथळे चुकवणारा त्याचा मेंदू, म्हणजे नियंत्रणाचा प्रोग्रॅम, संगणकातल्या आभासी जगात घडवलेला. स्वच्छ, बिनगोंधळाच्या जगात घडलेला मेंदू खऱ्या टेबलावर चुकतो. सेन्सरच्या आकड्यांत गोंधळ वाजवीपेक्षा जास्त मिसळला, तरी चुकतो. खऱ्या सेन्सरमध्ये असतो साधारण तेवढाच गोंधळ घातला, की जमतं. तो किती, हे खऱ्या जगातच मोजावं लागतं.

आता 2018, सॅन फ्रान्सिस्को. ओपनएआयचा रोबो-हात बोटांवर ठोकळा फिरवतोय. त्याने सिम्युलेटरमध्ये सुमारे 50 तासांत 100 वर्षांचा सराव केलाय, हजारो प्रोसेसरांवर, आणि त्यात घर्षण, वजन, रंग मुद्दाम सतत बदलत ठेवलेत. तुमच्याकडे तेवढी यंत्रं नाहीत. पण कशाचं वजन, कुठलं घर्षण, हे विचारायला तुम्हाला फक्त बांध ओलांडायचाय.

तेव्हा गावात परत या, टोमॅटोच्या हंगामात. आंबेगाव-जुन्नरमधल्या वावरात हरितगृहासारख्या मोकळ्या, सरळ गल्ल्या नाहीत. बांबू, तार, सुतळी, पानांआड दडलेली फळं, कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ. ताणकाटा घ्या आणि देठ किती ओढीला तुटतो ते बघा. एक-दोन फळं मोजून भागणार नाही, क्रेटभर फळांचं वजन आणि व्यास लिहा. मग तो आभासी सांधा काढून टाका आणि हे आकडे सिम्युलेटरच्या फाइलमध्ये भरा. एकच सरासरी नको, सगळ्यांत लहानापासून सगळ्यांत मोठ्यापर्यंतचा पल्ला भरा.

तोडणीला आलेल्या मावशींशीही बोला. तुमच्या प्रोग्रॅममध्ये लाल रंग दिसला की तोड, एवढीच अट आहे. मावशी म्हणतात, "लालभडक कशाला तोडतोस? लांबच्या बाजाराला जायचाय ना माल? नुकता रंग धरलेला घे." नारायणगावच्या बाजारातून दूरच्या शहरांकडे निघालेल्या गाडीत पूर्ण पिकलेलं फळ पोचेपर्यंत चेपून जातं. म्हणजे रंगाची अट गाडी कुठे जाणार, यावर ठरते. लॅपटॉप वावरातच उघडा, मावशींच्या हातातल्या फळांचे फोटो घ्या आणि अटीची ती ओळ नव्याने लिहा.