वादळानंतरचा अंधार आणि हॉटेलच्या छतावरची वीज

परवा दापोलीहून एका बातमीसाठी किनाऱ्यावर गेलो होतो. येताना मित्राच्या हॉटेलात चहाला थांबलो. हॉटेल म्हणजे आठ खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे समुद्र. छतावर निळी पॅनेलं चमकत होती. बाजूच्या टेबलावरच्या पुण्याच्या पाहुण्यांनी त्याला विचारलं, "सगळं सोलरवरच चालतं का?" तो म्हणाला, "सगळं नाही. पण अंधार पडणार नाही एवढं नक्की."

या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. थोडा त्याचा, बराचसा आपल्या जिल्ह्याचा. पोस्ट लांब होणार आहे, सवडीने वाचा.

हॉटेल आणि स्वतःची वीज हे नातं नवीन नाही. मुंबईतलं ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं, तेव्हा त्याच्या विजेच्या दिव्यांचं लोकांना कोण कौतुक होतं. त्या वेळी मुंबईत आजच्यासारखा वीजपुरवठा नव्हता. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावायचा प्रयत्न झाला होता, पण वर्षभरात ती कंपनीच बुडाली आणि मार्केट परत गॅसच्या दिव्यांवर आलं. पुढे ज्या कंपनीची 'बेस्ट' झाली, ती सुरू झाली १९०५ मध्ये. म्हणजे ताज उघडलं तेव्हा ज्याला वीज हवी त्याने ती स्वतःच तयार करायची, असा मामला होता. आज गावातला हॉटेलवाला छतावर वीज करतो तेव्हा आपल्याला नवल वाटतं. खरं तर सुरुवातच तशी झाली होती.

मग वीज मोठी झाली आणि दुरून यायला लागली. जमशेटजी टाटांच्या डोक्यात सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करायची कल्पना होती. ती बघायला ते राहिले नाहीत, १९०४ मध्ये गेले. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपातून सुमारे १७०० फूट खाली आणायचं, त्यावर चाकं फिरवायची आणि वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना द्यायची. त्यानंतर भिवपुरी, नंतर भिरा.

भिऱ्यासाठी मुळशीचं धरण झालं. मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते या लढ्यापासून. लढा हरला, गावं बुडाली, गिरण्यांना वीज मिळाली. वीज एकाची आणि पाण्याखाली जाणारं घर दुसऱ्याचं, हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मांडून झाला होता.

आता आपल्याकडे या.

कोयनेचं धरण साताऱ्यात, पण वीजघर आपल्या जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात पोफळीला, डोंगराच्या पोटात. १९६२ पासून तिथे वीज तयार होतेय. टप्पे वाढत वाढत क्षमता १९६० मेगावॉटवर गेली. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. म्हणजे महाराष्ट्राला उजेड देऊन आलेलं पाणी रोज आपल्या दारावरून जातं. आमच्या वाडीत मात्र माझ्या लहानपणी संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसायचं काम माझ्याकडे होतं. खांब आले होते, पण पावसाळ्यात तारेत वीज असायचीच असं नाही.

मग आलं एन्रॉन. नाव दाभोळचं, प्रकल्प खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला. मोर्चे, लाठ्या, अटका, करार रद्द, पुन्हा नवा करार, हे सगळं बघत आमची पिढी मोठी झाली. मी पत्रकारितेच्या डिप्लोमाला गेलो त्यात या बातम्यांचा वाटा आहे. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज महाग, म्हणून वीज मंडळाशी भांडण. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. पुढे दुसऱ्या सरकारी कंपनीने तो चालवायला घेतला. जयगडला कोळशावरचं केंद्र आलं. जैतापूरला ९९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प ठरला, तो अजून कागदावरच आहे.

पाणी, वायू, कोळसा आणि कागदावरचा अणू. एका जिल्ह्यात एवढे प्रकार. तरी २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तासन् तास लाइट नसायची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बारावीचा अभ्यास ज्यांनी मेणबत्तीवर केला ते आता आपापल्या पोरांना तेच सांगून बोअर करत असतील.

मित्राचं हॉटेल त्याच काळातलं. आधी जनरेटर होता. डिझेलचा खर्च, वर धडधड. पाहुणे समुद्राची गाज ऐकायला येणार आणि आम्ही त्यांना जनरेटर ऐकवणार, असं तोच म्हणायचा.

त्याने शहाणपणा एक केला. पॅनेलं घ्यायच्या आधी बिल समोर घेऊन बसला. आठ न्हाणीघरांत आठ गिझर, प्रत्येकी दोन किलोवॉटचे. शंभर लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण सव्वादोन-अडीच युनिट लागतात. सकाळी सातला सगळ्यांना एकदम आंघोळ हवी, म्हणजे सोळा किलोवॉटचा भार एकदम. आधी त्याने सूर्यावर पाणी तापवणारे बंब बसवले. मग जुने पंखे काढून कमी विजेचे लावले. ७५ वॉटचा पंखा जाऊन तिशीतला आला. बिल उतरल्यावर मग २०१९ मध्ये पाच किलोवॉटची पॅनेलं पतपेढीचं कर्ज काढून घेतली. उन्हाच्या दिवशी साधारण वीस युनिट मिळतात, आषाढात निम्मीही नाहीत. दिवसा जास्तीची वीज लाइनला द्यायची, रात्री परत घ्यायची, शेवटी वजाबाकी. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. हॉटेलची जोडणी व्यापारी दराची असल्याने वाचणारं प्रत्येक युनिट महागाचं. त्यामुळे हिशेब जमला.

आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं.

त्या दिवसाबद्दल काय लिहू? श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि मंडणगड-दापोलीची वाट लावून गेलं. माड, आंबे, कौलं, खांब, सगळं आडवं. हॉटेल कोरोनामुळे आधीच बंद होतं. त्याच्या छतावरची दोन पॅनेलं नारळ पडून फुटली, बाकीची टिकली. दोन दिवसांनी ऊनही आलं.

पण वीज नाही! पॅनेलं छतावर, ऊन डोक्यावर आणि घरात अंधार.

कारण त्याची यंत्रणा लाइनला जोडलेली होती. अशा यंत्रणेतला इन्व्हर्टर लाइन गेली की आपोआप बंद होतो. तो व्हायलाच हवा. नाहीतर छतावरची वीज तारेत उलटी जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन जिवाला मुकेल. नियम बरोबर आहे. फक्त पॅनेलं घेताना हे त्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

शेजारच्या काकू इन्सुलिनच्या बाटल्या घेऊन आल्या. "अरे, तुझ्याकडे सोलर आहे ना? फ्रिजमध्ये ठेव एवढ्या." त्याने छताकडे बघितलं आणि मान खाली घातली. शेवटी बाटल्या पिशवीत घालून ओल्या मडक्यात ठेवल्या. रोज दोनदा मडकं भिजवायचं. मोबाइलचा टॉवर बंद, विहिरीवरचा पंप बंद. दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमननी भर पावसात खांब उभे केले, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण आमच्या वाडीत लाइट यायला तीन आठवडे लागले.

ती मान खाली घालणं त्याला लागलं. दोन वर्षांनी, धंदा सावरल्यावर, त्याने इन्व्हर्टर बदलला आणि दहा युनिटची बॅटरी घेतली. लाइन गेली की यंत्रणा तारेपासून स्वतःला तोडून घेते आणि आतल्या आत चालू राहते. त्यावर एसी चालत नाहीत. आठ एसी रात्रभर चालवायचे तर साठेक युनिट लागतील, ती बॅटरी परवडणार कोणाला? दिवे, पंखे, फ्रिज, एक अश्वशक्तीचा पंप आणि बाहेरच्या पडवीत मोबाइल चार्ज करायला एक मोठा बोर्ड. हा बोर्ड पाहुण्यांसाठी नाही, वाडीसाठी आहे. फ्रिजचा एक कप्पाही औषधांसाठी रिकामा ठेवलेला असतो.

बाकी शिकलेलं त्याच्याच शब्दांत: "खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसात जातं. नट-बोल्टसुद्धा स्टेनलेसचे घे. माडाखाली पॅनेल लावू नको, सावली पण पडते आणि नारळ पण. वानरांचा बंदोबस्त तुझा तू बघ."

सांगायचा मुद्दा असा. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरांना तीन किलोवॉटसाठी ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, म्हणून गावोगाव पॅनेलं चढतायत. चांगलंच आहे. पण बहुतेक ठिकाणी बॅटरी नाही. म्हणजे पुढच्या वादळात आपल्या तालुक्यात शेकडो छतांवर ऊन असेल आणि खाली अंधार. प्रत्येकाने बॅटरी घ्यावी असं मी म्हणत नाही, खर्च मोठा आहे. पण प्रत्येक वाडीत एक जागा तरी अशी हवी. शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत, नाहीतर एखादं हॉटेल. ग्रामसभेत हा विषय घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

शंभर वर्षं आपल्या डोंगरातलं पाणी दुसऱ्यांसाठी वीज करत आलं. छतावरचं ऊन तरी अडचणीच्या दिवशी आपल्या कामाला यावं, एवढीच अपेक्षा.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. जूनमध्ये आभाळ भरून आलं की आधी हॉटेलात येऊन विचारतात, "कप्पा रिकामा आहे ना रे?"

तुमच्या वाडीत अशी जागा आहे का? असेल तर खाली लिहा. नसेल तर कोणती होऊ शकेल, तेही लिहा.